चौकट : उन्हाळी आमिष, थंडीतला मासा

नंदुरबार जिल्ह्यात डाब, मोलगीकडे कडाक्याच्या पहाटे गवतावरचं दव गोठतं. तोरणमाळचा यशवंत तलाव मात्र गोठत नाही. बर्फाला भोक पाडून गळ सोडणं ही फिनलंड-कॅनडाची हौस. तिथे दर हिवाळ्यात प्रश्न पडतो, उन्हाळ्याचं आमिष चालेल का?

चालतं, पण हात बदलावा लागतो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड, म्हणून बर्फाखाली तळाचा थर त्यातल्या त्यात उबदार. गार पाण्यात माशाचं पचन मंदावतं, पाठलाग त्याला परवडत नाही. उन्हाळ्यात लांब फेकून ओढायचा धातूचा चमचा इथे सरळ खाली सोडायचा, हलकेच उचलायचा, पुन्हा पडू द्यायचा. पुढे ओढल्यावरच डुलणारा लाकडी मासा मात्र भोकात बहुधा नुसताच लटकतो.

उकाई धरणाच्या फुगवट्यावर, नवापूरकडे, बर्फ नसला तरी पौषात मासा सुस्तावतोच. तिथेही आमिष लहान हवं, हात सावकाश. ताजं गांडूळ मिळत असेल तर चमच्यावर पैसे का घालवावेत, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.