तिला काय कमी आहे?

'घर आहे, नवरा चांगला आहे, मग ही रडते कशाला?' हे आपण ऐकलेलं असतं, कधी बोललेलंही असतं. आजच्या कादंबरीतली माया अशीच, वरवर पाहता काही कमी नसलेली.

अनिता देसाई यांची 'क्राय, द पीकॉक' ही पहिली कादंबरी १९६३ साली इंग्रजीत आली. माया वडिलांच्या लाडात वाढलेली. मूलबाळ नाही. नवरा गौतम वकील, वयानं बराच मोठा. सुरुवातीलाच तिचा लाडका कुत्रा मरतो. गौतम त्याला हलवण्याची व्यवस्था करतो आणि तिला म्हणतो, आता रडू नको, चहा घे. तो दुष्ट नाही. त्याच्या लेखी प्रश्न मिटला, तिच्या लेखी तो तिथून सुरू होतो. कारण लहानपणी एका ज्योतिषानं सांगितलेलं असतं, लग्नानंतर चौथ्या वर्षी दोघांपैकी एकाला मरण आहे.

ही भीती लेखिका आपल्यापर्यंत कशी पोचवते? 'माया फार घाबरली' एवढं लिहून ती थांबत नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा छोटा भाग सोडला, तर सगळं माया स्वतःच सांगते. तोच विचार फिरून फिरून येतो. आजचं बोलता बोलता ती माहेरच्या आठवणीत शिरते. उन्हाची तलखी, मोरांचा आक्रोश, चंद्र, सगळ्यात तिला मरण दिसू लागतं. समोर गौतमचं बोलणं शांत, तर्काचं, गीतेतल्या अनासक्तीचं. दोघं एकाच घरात राहतात, पण त्यांची भाषा वेगळी.

शेवटी गच्चीवर माया त्याला ढकलते आणि तो मरतो. यानंतर लेखिका मायाचा 'मी' काढून घेते. आता सासू आणि नणंद तिच्याविषयी बोलतात. बाहेरून दिसते ती फक्त वेडी बाई. पण आपण तिच्या मनातून जाऊन आलेलो असतो. तिनं केलं ते बरोबर ठरत नाही, तरी 'वेडी' या एका शब्दावर आपलं समाधान होत नाही.

मैत्रिणींनो, घरातली किंवा शेजारची एखादी तीच तीच भीती पुन्हा सांगू लागली, तिची झोप उडाली, तर चहा जरूर करा. पण 'रडू नको' म्हणून उठू नका, जवळ बसा, ऐका. डॉक्टरांकडे सोबत जा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही लिहून ठेवा.