कोड सर्किटचा, बदलते कॉइल

गेल्या आठवड्यात आपण स्पार्क प्लग पाहिला. त्या प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल आणि तिचं सर्किट हा आजचा विषय. चांगल्या असूनही भंगारात जाणाऱ्या भागांत कॉइलचा नंबर बराच वरचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

घडतं ते असं. गाडी मिसिंग करू लागते, चढावर ओढत नाही, चेक लाइट लागतो. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पी०३५१ हा कोड दिसतो आणि लगेच निदान होतं : एक नंबरची कॉइल गेली. कोडचा अर्थ मात्र एवढाच, की पहिल्या कॉइलच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. त्या सर्किटमध्ये कॉइल आहे, तशी तिची वायर, कपलर, फ्यूज, अर्थ आणि खुद्द ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणकही आहे. पी०३०१ हा कोड आणखी वेगळा. पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट झालं नाही, एवढंच तो सांगतो. त्यामागे प्लग, इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकतं.

कॉइलचं काम समजलं की तपासणी सोपी होते. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड वेढ्यांतून काही मिलिसेकंद १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि अचानक तोडला जातो. चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक वेढ्यांत वीस-तीस हजार व्होल्ट तयार होतात. चार्ल्स केटरिंग यांची जी इग्निशन पद्धत १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व होतं. त्या काळी प्रवाह तोडायला पॉइंट असत. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००मध्येही एकच कॉइल आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर होता. आता बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि प्रवाह तोडणारा ट्रान्झिस्टर अनेकदा तिच्या आतच असतो. अशा कॉइलच्या जाड वेढ्यांचा रोध बाहेरून सरळ मोजता येत नाही. म्हणून जुन्या पुस्तकातलं ‘कॉइलचे ओहम मोजा’ हे मार्गदर्शन इथे उपयोगी पडत नाही.

टोयोटा कोरोला अल्टिसचं उदाहरण घेऊ. तिच्या कॉइलला चार वायरी असतात : एक १२ व्होल्टची, एक अर्थ, एक ईसीएमकडून येणाऱ्या हुकमाची आणि चौथी पोच देणारी. हुकूम मिळाला, प्रवाह तोडला, की कॉइल चौथ्या वायरवरून पोच पाठवते. पोच आली नाही, तर ईसीएम पी०३५१ नोंदवतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापू नये, म्हणून इंधनही तोडतो. म्हणजे कॉइल ठिणगी देत असली, तरी केवळ पोचेची वायर तुटल्यानेही हा कोड येऊ शकतो.

तपासणीची सुरुवात फुकटात होते. इंजिन बंद करून एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवून पाहा. कोड पी०३५२ झाला, तर दोष कॉइलसोबत सरकला, कॉइल बदला. पी०३५१च राहिला, तर नवी कॉइल घेऊ नका, मल्टिमीटर घ्या.

कपलर काढून इग्निशन चालू करा. पुरवठ्याच्या पिनवर बॅटरीइतकेच व्होल्ट हवेत. कोरोलाच्या पोचेच्या पिनवर सुमारे ५ व्होल्ट दिसायला हवेत. ते ईसीएमच पाठवतो. आता कपलर परत जोडा आणि इंजिन चालू ठेवून कॉइलची अर्थ वायर व बॅटरीची ऋण बाजू यांमधले व्होल्ट मोजा. ते ०.१च्या आसपास किंवा त्याखाली हवेत. नुसता बझर वाजवून अर्थ चांगला ठरवू नका. एकाच तंतूवर तगलेली वायरही बझर वाजवते, पण भार आला की माघार घेते. हुकमाची वायर तपासायला ऑसिलोस्कोप उत्तम. तिथे बल्बवाला टेस्टर लावू नका, ईसीएमला धोका होतो.

मीटरची टोकं कपलरच्या पिनमध्ये समोरून खुपसू नका. पिन फाकते आणि नसलेला दोष तयार होतो. मागच्या बाजूने, वायरीलगत बारीक पिन सरकवून मोजा. सगळं बरोबर दिसूनही दोष येत-जात असेल, तर इंजिन गरम असताना हार्नेस हलवून पाहा. उष्णतेने कडक झालेलं आवरण आणि कपलरची तुटलेली क्लिप तिथेच सापडते. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात, तेव्हा वायरीवर दातांच्या खुणाही शोधा.

तुटलेली वायर नुसती पीळ देऊन टेपने गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. प्लगच्या विहिरीत तेल दिसलं, तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि प्लगट्यूबची सील बदला. इंजिन धुतल्याचं पाणी साचलं असेल, तर हवेच्या झोताने वाळवा. गॅप वाढलेला जुना प्लगही बदला. तो नव्या कॉइललाही जास्त व्होल्ट तयार करायला लावतो आणि तिचं आयुष्य खातो.

इंजिन चालू असताना कॉइल उपसून ठिणगी बघण्याचा प्रकार बंद करा. हजारो व्होल्टचा झटका बसतो, पेसमेकर असणाऱ्याच्या तर तो जिवावर बेतू शकतो. चेक लाइट लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवू शकतं आणि त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते.

पुढच्या खेपेला गॅरेजमध्ये ‘कॉइल गेली’ ऐकलंत, तर पैसे देण्याआधी दोनच गोष्टी विचारा : अदलाबदल केल्यावर कोड सरकला का, आणि कपलरवर किती व्होल्ट आले?