उत्तराइतकीच महत्त्वाची त्रुटी

पदवीच्या उपयोजित गणितात 'संख्यात्मक पद्धती' आणि 'प्राथमिक संख्याशास्त्र' हे दोन विषय बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. पहिल्यात न्यूटन-रॅफ्सन, सिम्प्सन, रुंग-कुट्टा ही नावे भेटतात. दुसऱ्यात मध्य, मध्यक, प्रमाण विचलन आणि प्रसामान्य वितरण. सूत्र पाठ करावे, कोष्टक भरावे आणि गुण मिळवावेत, एवढ्यावर अनेकांचा अभ्यास थांबतो. वस्तुतः या दोन्ही विषयांचा गाभा एकच आहे. अचूक उत्तर हाती लागणे शक्य नसते, तेव्हा त्याच्या जवळचे उत्तर काढणे आणि त्यात किती त्रुटी असू शकेल हे सांगणे, हे दोन्ही विषयांचे काम आहे.

हळूहळू जवळ जाणे

२ चे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाने नेमके सांगता येत नाही. बौधायन शुल्बसूत्रातील नियमानुसार त्याची किंमत ५७७/४०८, म्हणजे सुमारे १.४१४२१५७ येते. खरी किंमत १.४१४२१३६ च्या आसपास आहे. आता न्यूटनची पद्धत पाहावी. या उदाहरणापुरता तिचा अर्थ सोपा आहे: एक अंदाज घ्यायचा, २ ला त्या अंदाजाने भागायचे आणि अंदाज व भागाकार यांची सरासरी हा नवा अंदाज मानायचा. १ पासून सुरुवात केली, तर क्रमाने ३/२, १७/१२ आणि ५७७/४०८ मिळतात. तिसऱ्याच पायरीला शुल्बसूत्रातील संख्या समोर येते! मुळाच्या जवळ पोहोचल्यावर प्रत्येक पायरीगणिक अचूक अंकांची संख्या साधारण दुप्पट होते, हे या पद्धतीचे बलस्थान होय.

मात्र पहिला अंदाज चुकीच्या जागी पडला, तर हीच पद्धत भरकटते. उलट, दुभाजन पद्धत संथ असली तरी खात्रीची आहे. सलग वक्र ज्या दोन बिंदूंच्या दरम्यान चिन्ह बदलतो, ते अंतर प्रत्येक वेळी निम्मे करीत जायचे. दहा पायऱ्यांत ते मूळ अंतराच्या १/१०२४ इतके उरते. वेग हवा की खात्री, हा निर्णय सूत्र घेत नाही. तो गणित करणाऱ्याला घ्यावा लागतो.

लहान त्रुटीची मोठी किंमत

त्रुटीकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे दुःखद उदाहरण आखाती युद्धात दिसले. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या 'पेट्रियट' यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचा दहावा भाग मोजत होते. ०.१ ही संख्या दशमान पद्धतीत साधी दिसते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत मात्र ती कधीच संपत नाही. २४ बिटांत ती कापून बसविल्याने प्रत्येक ठोक्याला सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची चूक होत होती. यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू राहिल्याने ही चूक ०.३४ सेकंदापर्यंत साचली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. सुधारित आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

हाच धोका वर्गातील कॅल्क्युलेटरवरही अनुभवता येतो. १०००१, १०००२ आणि १०००३ या संख्यांचे प्रचरण काढायचे आहे असे समजू. पुस्तकातील सोयीचे सूत्र सांगते: वर्गांच्या मध्यातून मध्याचा वर्ग वजा करावा. गणकयंत्र आठच सार्थ अंक ठेवीत असेल, तर वजाबाकीच्या दोन्ही संख्या १०००४०००० अशा येतात आणि उत्तर शून्य मिळते. म्हणजे तिन्ही संख्या सारख्याच ठरल्या! प्रत्येक संख्येतून आधी मध्य वजा केला, तर –१, ०, १ उरतात आणि २/३ हे योग्य उत्तर सहज मिळते. बीजगणितात समान असलेली दोन सूत्रे प्रत्यक्ष आकडेमोडीत समान नसतात, हा धडा येथे दोन्ही विषय मिळून शिकवितात.

कोष्टकामागचे गणित

संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी प्रसामान्य वक्राखालील क्षेत्रफळांचे कोष्टक असते. हे क्षेत्रफळ देणारे साधे, बंदिस्त सूत्र अस्तित्वात नाही. ते संख्यात्मक पद्धतीनेच काढावे लागते. ० ते १ या दरम्यानचे क्षेत्रफळ ०.३४१३ आहे. दोनच पट्ट्या पाडून समलंब नियम वापरला, तर ०.३३६३ मिळते, त्याच तीन उंचींवर सिम्प्सनचा नियम ०.३४१५ देतो. पट्ट्यांची रुंदी निम्मी केली की समलंब नियमातील त्रुटी साधारण एक चतुर्थांश होते, सिम्प्सनच्या नियमात ती सोळाव्या हिश्शावर येते.

नमुना पाहणीचा हिशेब याहून कठोर आहे. सरासरीची प्रमाण त्रुटी निम्मी करायची असेल, तर निरीक्षणे चौपट करावी लागतात. मोठ्या पाहण्या महाग का असतात, याचे उत्तर या वर्गमुळात दडले आहे.

जी त्रुटी सूत्राला दिसत नाही

तरीही निरीक्षणे वाढविली म्हणजे सत्य गवसलेच, असे नव्हे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणी प्रयोगांत हे दाखवून दिले. अगदी लहान तुकड्यातील पीक कापून हेक्टरी उत्पादनाचा अंदाज बांधला, तर तो वास्तवापेक्षा जास्त येतो. सीमेवरची रोपे आत धरली जाण्याकडे कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितका सीमेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी चूक कमी होत नाही, कारण ती दरवेळी एकाच दिशेने होते. धान्यटंचाईच्या त्या काळात पिकाचा फुगलेला अंदाज ही केवळ कागदावरची चूक नव्हती.

विद्यार्थ्यांनी म्हणूनच काही सवयी लावून घ्याव्यात. समीकरण सोडविण्यापूर्वी वक्राचे कच्चे चित्र काढावे. एकच उदाहरण दोन पद्धतींनी सोडवून उत्तरे ताडून पाहावीत. पट्ट्यांची रुंदी निम्मी करून उत्तर किती हलते ते नोंदवावे. मध्याबरोबर मध्यकही काढावा. दोहोंत मोठे अंतर असेल, तर त्याचे कारण शोधावे. आकडे कोणी, कोठून आणि कसे गोळा केले, हा प्रश्न सूत्राच्या आधी विचारावा. आता संगणक क्षणार्धात दहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो. त्यांतील किती स्थळांवर विश्वास ठेवावा, हे मात्र ज्याने विषय समजून घेतला आहे त्यालाच सांगता येते.