द्राक्षवेलीच्या खोडातील लांबशिंगी भुंगेरे : वंश कसा ओळखावा

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, पलूस व कवठेमहांकाळ या तालुक्यांत आणि सातारा जिल्ह्याच्या खटाव-माण भागात द्राक्षबाग हा अनेक कुटुंबांचा मुख्य आधार आहे. दोन-तीन वर्षे जोपासलेली, मांडवावर चढलेली वेल एकाएकी पिवळी पडू लागते, ओलांडे वाळतात, घड भरत नाहीत. पाणी व खत वाढवूनही ती सुधारत नाही. अशा वेलीचे खोड चिरून पाहिले असता आत पोखरलेली लांब बोगदी आढळतात. हे काम लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे असते. खोड पोखरणारा किडा एकच, असे समजून सर्व बागांत एकच उपाय योजला जातो. परंतु या किडींचे निरनिराळे वंश असून त्यांच्या सवयी भिन्न आहेत. एकावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर वाया जातो. म्हणून उपायापूर्वी ओळख आवश्यक आहे.

लांबशिंगी कुलाची खूण

या कुलाचे शास्त्रीय नाव सेरॅम्बिसिडी असे आहे. जगात याच्या तीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. भुंगेऱ्याच्या शृंगिका, म्हणजे मिशा, शरीराइतक्या किंवा त्याहूनही लांब असतात. नराच्या मिशा मादीच्या मिशांहून बहुधा अधिक लांब असतात. डोळ्याला खाच असून त्या खाचेजवळ मिशीचे मूळ असते. त्यामुळे डोळा काजूच्या बीसारखा वाकडा दिसतो. ही खूण भिंगाने सहज दिसते. द्राक्षाची कोवळी फूट कुरतडणारा ‘उडद्या’ हाही भुंगेराच आहे. पण तो उडदाच्या दाण्याएवढा असतो व त्याच्या मिशा आखूड असतात. त्याची गल्लत करू नये.

सेलोस्टर्ना

द्राक्षावर आढळणाऱ्या या वंशाच्या जातीचे नाव सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर असून तिचे प्रथम वर्णन फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १७८१ साली केले. बाभळीचे खोड व मूळ पोखरणारा किडा म्हणून तो भारतात फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. याची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. शरीर जाड, दणकट व सुमारे अडीच ते चार सेंटिमीटर लांब असते. रंग मळकट पिवळसर तपकिरी असून कठीण पंखांवर पुष्कळ काळे ठिपके असतात.

२. डोके खाली वळलेले असून तोंडाची बाजू भिंतीसारखी उभी व सपाट दिसते.

३. डोक्यामागील भागावर, म्हणजे अग्रवक्षावर, दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. बोट फिरविले असता तो टोचतो. ओळखीसाठी ही खूण सर्वांत सोपी आहे.

४. अळीला पाय नसतात व तिचे डोके रुंदीपेक्षा लांबट असते.

स्ट्रोमॅटियम

द्राक्षावरील जात स्ट्रोमॅटियम बार्बॅटम ही आहे. ‘बार्बॅटम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दाढी असलेला’ असा होतो. ही कीड शेकडो जातींच्या वाळलेल्या लाकडांत वाढते. घराचे वासे व लाकडी सामानही तिला वर्ज्य नाही. एकविसाव्या शतकात महाराष्ट्रातील जिवंत द्राक्षवेलींतही तिचा उपद्रव नोंदविला गेला.

१. शरीर लांबट व दोन्ही बाजूंनी सरळ, सुमारे दीड ते तीन सेंटिमीटर असते. रंग तांबूस ते गडद तपकिरी असून अंगावर पिवळसर बारीक लव असते. काळे ठिपके नसतात.

२. डोके पुढे झुकलेले असते; तोंडाची बाजू उभी नसते.

३. अग्रवक्ष गोलसर असून बाजूंना काटा नसतो.

४. अळीचे डोके रुंद व आखूड असते. छातीखाली तीन जोड्या अगदी इवलेसे पाय असतात. ते भिंगाखालीच दिसतात.

यांखेरीज दक्षिण भारतातील द्राक्षबागांत स्थेनियास ग्रायसेटर हा राखाडी भुंगेरा आढळतो. तो खोडाभोवती किंवा फांदीभोवती कडे कुरतडतो व कड्यावरचा भाग वाळतो. अशी गोल खाच दिसल्यास वरील दोन वंशांचा संशय धरू नये.

भुंगेरा न मिळाल्यास

प्रत्येक वेळी प्रौढ भुंगेरा हाती लागतोच असे नाही. अशा वेळी भुशावरून निर्णय करावा. सेलोस्टर्नाची अळी खोडाला भोक ठेवून त्यातून लाकडाचा भुसा व विष्ठा बाहेर टाकते; बुंध्याशी त्याचा लहानसा ढीग दिसतो. स्ट्रोमॅटियमची अळी भुसा बाहेर टाकीत नाही. ती बारीक पिठासारखा भुसा बोगद्यातच गच्च भरून ठेवते. त्यामुळे वेल बाहेरून धडधाकट दिसते व भुंगेरा बाहेर पडल्यानंतरच लंबगोल भोक नजरेस येते. तोपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

आटपाडी भागातील डाळिंबाच्या खोडावर टाचणीने टोचल्यासारखी असंख्य सूक्ष्म छिद्रे दिसतात, ती लांबशिंगी किडींची नसून अतिशय लहान अशा निराळ्या भुंगेऱ्यांची असतात.

ओळखीनुसार उपाय

सेलोस्टर्ना असल्यास ताज्या भुशाच्या खुणेवरून जिवंत भोक शोधावे, ते स्वच्छ करून आत तार घालून अळी मारावी व भोक चिकणमातीने लिंपावे. बागेच्या कडेला बाभळी असल्यास त्यांचे बुंधेही तपासावेत.

स्ट्रोमॅटियमसाठी भोक शोधण्यात वेळ दवडू नये. मादी सुटलेल्या सालीखाली व फटींत अंडी घालते. म्हणून खरड छाटणीनंतर, पावसाळ्यापूर्वी, खोडावरील व ओलांड्यांवरील सुटी साल काढून टाकावी. हे भुंगेरे जून ते ऑगस्टच्या सुमारास बाहेर पडतात व रात्री हिंडतात. तेव्हा विजेरी घेऊन खोडे तपासावीत, भुंगेरे वेचून मारावेत व प्रकाशसापळा लावावा. वाळलेल्या वेली व जुने ओलांडे बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांतूनही भुंगेरे निघतात. असे लाकूड मे महिन्याअखेर जाळून संपवावे.

ग्रामसेवकांनी प्रत्येक गावातील एकदोन रोगट वेली मालकाच्या संमतीने चिरून पाहाव्यात. सापडलेले भुंगेरे कोरड्या डबीत घालून त्यावर गाव, तारीख व वेलीचे वय लिहावे आणि शंका असल्यास कृषी विद्यापीठाकडे किंवा पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे पाठवावेत. औषध वापरावयाचे झाल्यास तेथील चालू शिफारशीप्रमाणेच वापरावे. अग्रवक्षावर काटा आहे की नाही आणि भुसा बाहेर आहे की आत, एवढ्या दोन गोष्टी नीट पाहिल्या तरी बहुतेक बागांत योग्य निर्णय करता येईल.