सायकलच्या सामानातून बनलेली खुर्ची

चेन, फ्रीव्हील, बेअरिंग हे सामान सायकल दुरुस्तीच्या दुकानात रोज हाताळले जाते. याच सामानातून एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने अपंगांसाठी चाकाची खुर्ची बनवली. तिची हकिकत आपल्या कारागीर व व्यापारी बंधूंनी समजून घेण्यासारखी आहे.

अमोस विंटर हा अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. २००५ साली तो आफ्रिकेतील टांझानियात गेला. तेथे अडचण दुहेरी होती. दवाखान्यातली खुर्ची कच्च्या रस्त्यावर चालत नाही. हाताने चालवायची तीनचाकी रस्त्यावर चालते, पण घरात वापरता येत नाही.

विंटरची युक्ती साधी आहे. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा असतो. दांडा पुढे ढकलला की चेन ओढली जाते व चाक फिरते. पहारीने दगड उचलणारा मजूर पहार टोकाशी धरतो, तसा दांडा वर धरला की जोर वाढतो आणि चढण किंवा चिखल पार होतो. खाली धरला की वेग मिळतो. म्हणजे हात सरकवला की गिअर बदलला! दांडे मागे ओढले की ब्रेक लागतो. घरात दांडे काढून ठेवले की ती नेहमीची खुर्ची होते. बिघडली तर सायकलवाला दुरुस्त करू शकतो.

पण पहिला माल पसंत पडला नाही. २००९ साली पूर्व आफ्रिकेत वापरायला दिलेली खुर्ची जड आणि रुंद निघाली. बसणाऱ्यांनी तक्रार केली, विंटरने ती ऐकली. पुढच्या वर्षी ग्वाटेमालात दिलेली खुर्ची अरुंद आणि सुमारे ९ किलोने हलकी होती. नंतर ‘जयपूर फूट’वाल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या साथीने भारतातही तिची चाचणी झाली. खेड्यापाड्यांसाठी बनलेली ही खुर्ची पुढे सुधारून अमेरिकेतही विकली गेली.

हिशेब मांडला तर काय दिसते? गणित कॉलेजने शिकवले, पण खोट दाखवली ती गिऱ्हाइकाने. आपल्या घरातले जे मूल इंजिनिअरिंग शिकत आहे, त्याला सुटीत एखाद्या फिटरच्या किंवा सायकलवाल्याच्या दुकानात बसवा. आणि ज्या कारागिराच्या हातात हुन्नर आहे, त्याने अशा मुलाला दारातून परत पाठवू नये. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.