बिघाड कोठे आहे?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट गाड्या तयार होत. पुढे या गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. अनेक वर्षे ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची टॅक्सीसेवा संपली. तरीही काही हौशी लोक जुनी पद्मिनी पुन्हा नव्यासारखी करतात. हे काम माणसाला नम्रपणा शिकवते. कसे, ते पाहू या.

समजा, पनवेलच्या एका गॅरेजात जुनी पद्मिनी रंगवून तयार झाली. किल्ली फिरवली, तर 'कट्' असा आवाज होऊन इंजिन गप्प! "बॅटरी गेली," मालक म्हणतो. नवी बॅटरी येते, पैसे जातात. गाडी मात्र जागची हलत नाही. बॅटरीची एक तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. तिला अर्थची तार म्हणतात. तिच्याखाली नव्या रंगाचा थर राहिला, तर वीज नीट वाहत नाही. दिव्यांना थोडी वीज पुरते, म्हणून दिवे लागतात. स्टार्टरला मात्र पुष्कळ वीज लागते. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली की काम होते!

दुसरी चूक ठिणगीची. या इंजिनाला चार सिलिंडर असतात. त्यांत १, ३, ४, २ या क्रमाने ठिणगी पडते. प्लगच्या दोन तारांची अदलाबदल झाली, की इंजिन धडधडते आणि फटाके वाजल्यासारखे आवाज येतात. अशा वेळी उगाच कार्बुरेटर उघडला जातो.

तिसरी चूक घाटातली. पनवेलहून बोरघाट चढताना उन्हाळ्यात जुनी गाडी कधी कधी बंद पडते. उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. तेथे पाना नको, धीर हवा. इंजिन थंड झाले की गाडी आपोआप सुरू होते. घाईने गरम इंजिनावर पेट्रोलची नळी सोडली, तर आग लागण्याचा धोका असतो.

यालाच म्हणतात, 'काखेत कळसा आणि गावाला वळसा.' म्हणून शहाणा कारागीर आधी डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो, सोपी कारणे तपासतो आणि एका वेळी एकच बदल करतो. "मला सगळे ठाऊक आहे," असे म्हणणाऱ्याला बिघाड लवकर सापडत नाही.

शब्दार्थ : बिघाड – खराबी, हौशी – शौकीन, ठिणगी – चिनगारी, धीर – सब्र.

प्रश्न : नवी बॅटरी बसवूनही गाडी का सुरू झाली नाही?