क्रिएटिनिनचा आकडा आणि मूत्रपिंडांची शक्ती



पांडेसरा येथील डाइंग-प्रिंटिंग मिलांत खानदेशातून आलेली आपली अनेक माणसे वर्षानुवर्षे राबत आली आहेत. रक्ततपासणीचा कागद हाती आला, की क्रिएटिनिनचा आकडा छापील मर्यादेत आहे एवढे पाहून आपण तो निश्चिंतपणे घडी घालून ठेवतो. हे समाधान कधीकधी फसवे ठरते. ते कसे, हे या स्मृतिव्याख्यानात मला सांगावयाचे आहे.

क्रिएटिनिन हे स्नायूंच्या नित्य व्यापारातून निर्माण होणारे टाकाऊ द्रव्य होय. मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून बाहेर टाकतात. निरोगी तरुणाची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १०० ते १२५ मिलिलिटर द्रव गाळतात. हा वेग निम्म्यावर आला, की रक्तातील क्रिएटिनिन साधारणपणे दुप्पट होते. म्हणजे एखाद्याचा आकडा ०.६ वरून १.२ झाला, तर तो बहुधा छापील मर्यादेतच राहतो. परंतु मूत्रपिंडांची निम्मी शक्ती गेलेली असू शकते!

शिवाय स्नायू कमी असतील तर क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. म्हणून नुसत्या आकड्याला वय, वजन आणि स्त्री-पुरुष भेद यांची जोड द्यावी लागते. कॅनडातील कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली यासाठी सोपे सूत्र मांडले. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्या संख्येस किलोमधील वजनाने गुणावे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या गुणाकाराने भागावे. स्त्री असल्यास उत्तरास ०.८५ ने गुणावे.

उदाहरणार्थ, कापडाचे तागे उचलणारा २५ वर्षांचा, ७० किलो वजनाचा तरुण आणि ४५ किलो वजनाची ६० वर्षांची आजी घेऊ. दोघांचेही क्रिएटिनिन १.२ आहे. तरुणाचे उत्तर येते सुमारे ९३, आजीचे अवघे ३५. २०२१ साली सुधारलेल्या, वजन न घेणाऱ्या सूत्राने ही उत्तरे अनुक्रमे सुमारे ८६ आणि ५२ येतात. सूत्रे भिन्न असली तरी निष्कर्ष एकच : कागदावरचा आकडा समान, मूत्रपिंडे मात्र समान नव्हेत.

हा शेवटी अंदाजच आहे, हेही ध्यानी असावे. ही सूत्रे प्रौढांसाठी आहेत; गर्भारपणात किंवा अकस्मात उद्भवलेल्या आजारात ती लागू पडत नाहीत. स्टेंटरच्या धगीत दिवसभर घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता रक्त दिले, तर क्रिएटिनिन तात्पुरते वाढलेले दिसू शकते. तेव्हा एका तपासणीने घाबरून जाऊ नये. अंदाज तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो दीर्घकालीन विकार समजतात. अंदाज चांगला असूनही लघवीतून प्रथिन जात असेल, तर तीही धोक्याची खूण होय.

म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासावे, जुने कागद जपून ठेवावेत आणि आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे ते डॉक्टरांना दाखवावे. अंगदुखीवर दुकानातून मनाने वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय सोडावी. मूत्रपिंडांचा विकार बराच काळ मूक असतो. पाय सुजेपर्यंत थांबले, तर उपचारांचा मोलाचा काळ निघून जातो. वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार आपण याच शाळेत शिकलो. आज घरी गेल्यावर आपल्या आईवडिलांच्या कागदावर ते एकदा अवश्य करून पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.